चकतीचं ॲव्हरेज

“बंद! इंजिन बंद आहे! विश्वास नसेल तर कान लावून बघा!”

रविवारची सकाळ. प्रदर्शनाच्या मोकळ्या मैदानात तीनेकशे माणसं टाचा उंचावून उभी होती आणि त्यांच्यामधून एक पांढरी गाडी मांजरीच्या पावलांनी सरकत होती. धूर नाही, घरघर नाही, साधी थरथरसुद्धा नाही. एका हौशी माणसाने खरोखरच चालत्या गाडीच्या बॉनेटला कान लावला, चार पावलं तिरका तिरका तिच्याबरोबर चालला आणि हात वर करून ओरडला, “आत काहीच नाही!” टाळ्यांचा कडकडाट झाला. गाडीतला आकडा कॅमेऱ्याने टिपून मोठ्या पडद्यावर दाखवला जात होता. लिटरला नव्याण्णव पूर्णांक नऊ किलोमीटर. त्याच्या वरचा आकडा दाखवायला त्या मीटरमध्ये जागाच नव्हती.

व्यासपीठावर ऊर्जाबाबा उभे होते. जटा नाहीत, दाढी नाही. कडक इस्त्रीचा आकाशी सदरा, गालाला चिकटलेला बारीकसा माइक, आणि प्रत्येक वाक्य मधात बुडवून बाहेर काढल्यासारखा आवाज.

“पेट्रोल कशामुळे जळतं?” बाबांनी विचारलं. “इंजिनामुळे? नाही! पेट्रोल जळतं ते रेणूंच्या बेशिस्तीमुळे. तुमच्या टाकीत रेणू धक्काबुक्की करतायत. ही चकती त्यांना रांगेत उभं करते. रांगेतला रेणू शांतपणे जळतो, पूर्ण जळतो, आणि जाताना मागच्याला सांगून जातो!”

काय सांगून जातो, हे कोणी विचारलं नाही. बाबांच्या हातात डबीच्या झाकणाएवढी तांबूस चकती होती. तिच्यावर एकात एक सात वर्तुळं कोरलेली होती.

गर्दीच्या अगदी मागे पॉइंटकाका हाताची घडी घालून उभे होते. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. डोळ्यांचा नंबर पाव पॉइंटने जरी हलला तरी ते गिऱ्हाइकाला पुन्हा खुर्चीत बसवायचे, म्हणून हे नाव. त्यांच्याकडे हायब्रिड गाडी होती, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी, आणि तिच्या बाबतीतही त्यांची तीच तऱ्हा होती. कंपनी म्हणायची लिटरला सत्तावीस. काकांनी एकदा एकेचाळीस पूर्णांक सहा काढून दाखवले होते. आज त्यांना मेहुण्याने ओढून आणलं होतं. मेहुण्याची गाडीही त्याच बनावटीची होती, पण तिचं ॲव्हरेज एकोणीसच्या पुढे कधी सरकलं नव्हतं. मेहुणा स्वभावाने भोळा आणि उत्साहाने दुप्पट. याआधी त्याने चुंबकाची गादी घेतली होती, मग पाणी जिवंत करणारी सुरई.

“भाऊजी, तो फलक बघा,” मेहुणा म्हणाला. “कुणा साधकाची गाडी आहे. एकेचाळीस!”

काकांनी चष्मा नाकावर सरकवला. व्यासपीठामागच्या भल्यामोठ्या फलकावर एका मीटरचा फोटो होता. ४१.६. मीटरच्या कोपऱ्यात चष्मे पुसायचं पिवळं फडकं पडलेलं होतं, आणि काचेत एका टकलाचं अंधुक प्रतिबिंब दिसत होतं. ते टक्कल काकांच्या चांगल्याच ओळखीचं होतं.

“अरे, ही माझी गाडी आहे!”

“तुम्हीपण चकती घेतलीत? आणि मला बोलला नाहीत?”

“कसली चकती! मी गाडीवाल्यांच्या ग्रुपवर टाकला होता हा फोटो. यांनी उचलला!”

पण मेहुणा तोवर रांगेत जाऊन उभा राहिला होता.

चकतीबरोबर एक छापील कागद मिळाला. ‘एकवीस दिवसांचे सप्तसंयम.’ रात्री जेवणाच्या टेबलावर मेहुण्याने तो मोठ्याने वाचला. पावलात मौन, म्हणजे पेडल हलकेच दाबायचं. वेगाचा मोह सत्तरला सोडायचा. कृत्रिम गारवा वर्ज्य. ओझ्याचा त्याग, म्हणजे डिकी रिकामी. दूरदृष्टी, म्हणजे सिग्नल लांबून बघून पाय आधीच उचलायचा. घराबाहेर दहा मिनिटं लवकर पडायचं. आणि चाकांत प्राण भरायचा, तो मात्र मैदानावरच्या रविवारच्या शिबिरातच, बाबांच्या सेवकांच्या हातून. सर्वांत खाली बारीक अक्षरांत: ‘फळ न मिळाल्यास संयम मोडला असे समजावे.’

ऐकता ऐकता काकांचा घास हातातच राहिला. “हे माझंच आहे! मी ग्रुपवर लिहिलेलं! फक्त मी ‘टायरमध्ये हवा बरोबर ठेवा’ असं लिहिलं होतं. ‘प्राण’ यांनी घातला!”

“तुमचं लिहिणं कोणी ऐकत नव्हतं, त्यांचं ऐकतात,” काकांची बायको म्हणाली. ती वाचनालयात ग्रंथपाल होती आणि एका वाक्यात विषय संपवायची तिला सवय होती.

आता काकांच्या गाडीत बसणं म्हणजे काय, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? एसी लागत नसे. काचा खाली करायच्या नाहीत, वाऱ्याने गाडी अडते. पंचावन्नपर्यंत वेग न्यायचा, मग पाय उचलून चाळीसपर्यंत नुसतं तरंगत जायचं, मग पुन्हा पंचावन्न. मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून थकत. भाचीच्या लग्नाला हे जोडपं पोचलं तेव्हा जेवणं उरकून खुर्च्या गोळा होत होत्या. काका मात्र खुशीत होते, त्या दिवशी अडतीस पूर्णांक चार पडलं होतं. गाडी घेतल्या दिवसापासूनचं एकूण ॲव्हरेज त्यांनी कधी पुसलं नव्हतं. ३७.९. रोज गाडी बंद करण्याआधी ते त्या आकड्याकडे दोन क्षण बघत. बायकोने एकदा विचारलंही होतं, “माझ्याकडे शेवटचं असं कधी बघितलं होतंत?”

पंधरा दिवसांनी मेहुणा दुकानात उड्या मारतच आला. “सव्वीस! भाऊजी, एकोणिसावरून सव्वीस! आता बोला!”

काकांनी स्वतः जाऊन मीटर तपासला. सव्वीस पूर्णांक दोन. खोटं काही नव्हतं.

“अरे, तू हळू चालवतोयस. एसी बंद. डिकीतल्या त्या फरशांच्या नमुन्यांच्या पेट्या काढल्यास. म्हणून वाढलं.”

“ते तर मी आधीही करू शकलो असतो ना? मग का नाही केलं? चकतीने बुद्धी दिली!”

असल्या युक्तिवादाला ना शेंडा ना बुडखा, धरायचं कुठे?

प्रकरण हसण्यावारी राहिलं असतं, पण त्याच आठवड्यात सासूबाईंच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. काका दुकानात अडकले होते, म्हणून त्यांना घरी आणायला मेहुणा गेला. निघतानाच पेट्रोलचा दिवा लागला होता. शिबिरात बाबांनी सांगितलं होतं, दिव्याला भिऊ नका, चकती राखीव शक्ती सोडते. परतीच्या वाटेवर पेट्रोल संपून इंजिन बंद पडलं, आणि काय आश्चर्य, गाडी चालतच राहिली! मेहुण्याला गहिवरून आलं. समोर पेट्रोल पंप होता, तो त्याने तसाच मागे टाकला. किलोमीटरभराने, उड्डाणपुलाच्या चढावर, ऐन दुपारी, गाडी जागच्या जागी उभी राहिली.

काका कॅन घेऊन पोचेपर्यंत पाऊण तास गेला होता. मागे वाहनांची रांग, कर्कश हॉर्न, आणि मागच्या सीटवर एका डोळ्यावर पट्टी बांधलेल्या सासूबाई घामाने निथळत बसलेल्या. मगाशी एक ट्रक त्यांच्या दाराला चाटून गेला होता. मेहुणा रस्त्यावर उभा राहून हातरुमाल हलवत होता आणि त्याचा चेहरा पार उतरला होता.

“आई, तुम्ही बऱ्या आहात ना?” काकांनी विचारलं.

“मी बरी आहे हो,” सासूबाई म्हणाल्या. “पण तो पंप मला एका डोळ्याने दिसला. माझ्या लेकाला दोन डोळ्यांनी नाही दिसला. आणि पट्टी माझ्या डोळ्याला!”

घरी आल्यावर काकांनी मेहुण्याला फैलावर घ्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात बायको मध्ये पडली.

“थांबा. त्याला बोलायच्या आधी मला सांगा, गेल्या वर्षी आपण घाटात अडकलो ते कशामुळे? टाकी भरली तर वजन वाढतं म्हणून तुम्ही पाच-पाच लिटरच भरत होता. त्याला चकती, तुम्हाला आकडा. गाडीत बसणाऱ्या माणसाचे हाल तेच!”

बोलणं काकांना झोंबलं, कारण ते खरं होतं. मेहुणा खाली मान घालून म्हणाला, “चूक माझी झाली. पण ताई, सव्वीस खरंच पडलेत गं. ते कसं खोटं म्हणू?”

दुसऱ्या दिवशी दुकानात एक बाई नंबर तपासायला आल्या. काकांनी नेहमीप्रमाणे भिंग बदललं. “आता बघा. हे स्पष्ट, की आधीचं?” “हे, हे! हे खूपच छान आहे.” काकांनी खटका वाजवला, पण भिंग तेच ठेवलं. शंका आली की ते असं करून बघत. “आणि आता?” “अगंबाई, हे तर आणखीनच स्पष्ट!”

काका हसले. आणि मग एकदम थांबले. गेली तीस वर्षं ते रोज हेच करत होते. माणूस खोटं बोलत नाही. नवीन काहीतरी आलंय हे त्याला कळलं, की त्याला बरं दिसू लागतं. खरं काय ते शोधायचं, तर भिंग बदललं की नाही हे त्याला कळू द्यायचं नाही.

त्यांनी मेहुण्याला बोलावलं. “तुझी चकती खोटी आहे असं मी म्हणतच नाही. आपण तपासू. रोज सकाळी तुझी ताई एक जाड पाकीट बंद करून तुझ्या सीटखाली ठेवेल. त्यात कधी चकती असेल, कधी तेवढ्याच वजनाचं क्रीमच्या डबीचं झाकण. कधी काय, ते फक्त तिला माहीत. तू ऑफिसचा तोच रस्ता, त्याच वेळी जायचंस. एक दिवस संयम पाळून, एक दिवस पूर्वीसारखं, मनाला येईल तसं.”

“आणि चकती जिंकली तर?”

“तर मी दुकानाच्या दारावर लावीन.”

आठ दिवस मेहुण्याने इमानेइतबारे आकडे लिहिले. नवव्या दिवशी बायकोने वाचनालयाच्या वहीतून आपली यादी काढली आणि दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. संयमाच्या चार दिवशी सव्वीसच्या आसपास, मनमानीच्या चार दिवशी अठराच्या आसपास. चकती आहे का नाही, याने काडीचा फरक पडला नव्हता. सर्वांत चांगला आकडा, सव्वीस पूर्णांक सात, झाकणाच्या दिवशी पडला होता.

मेहुण्याने ते झाकण हातात घेतलं. मग म्हणाला, “भाऊजी, शिबिरात माझ्यासारखे शेकड्याने आहेत. त्यांच्याही गाड्यांत कोणाची ना कोणाची आई बसत असेल.”

पुढच्या रविवारी मैदान आणखी भरलं होतं. बाबांनी अनुभव सांगायला साधकांना पुढे बोलावलं. पॉइंटकाका व्यासपीठावर चढले. भरल्या गर्दीत ते आयुष्यात कधी बोलले नव्हते.

“त्या फलकावरची गाडी माझी आहे,” ते म्हणाले.

गर्दी उसळली. बाबांनी त्यांना मिठीच मारली. “सांगा, साधक, सांगा! चकती कधी लावलीत?”

“अजून लावलेली नाही.”

टाळ्या अर्ध्यावरच विरल्या. पण बाबा कसलेले होते. “पाहिलंत? यांना ऊर्जा दुरूनच पोचली!”

“मग आता जवळून द्या,” काका म्हणाले. “गाडी बाहेर उभी आहे. तुमच्या हाताने चकती लावा. तुमचा सेवक कॅमेरा घेऊन मागे बसू दे. फेरीचा मीटर शून्यावर आणून बारा किलोमीटरची फेरी मारून येतो. आकडा सगळ्यांना पडद्यावर दिसू दे.”

एवढ्या माणसांसमोर नाही कसं म्हणणार? बाबांनी मंत्र पुटपुटत मीटरशेजारी चकती चिकटवली. बायको काकांच्या शेजारी बसली. काकांनी एसी पूर्ण जोरात लावला. डिकीत मेहुण्याच्या फरशांच्या पेट्या होत्या. आता फक्त पेडल करकचून दाबायचं होतं, आणि नेमका पायच दबेना. समोर ३७.९ चमकत होतं. पाच वर्षं जपलेला तो आकडा आज त्यांच्याच पायाने, एका पॉइंटने का होईना, खाली येणार होता.

“दाबा,” बायको म्हणाली.

“दाबतोय.”

“अहो, मुंगी मेली नाही त्याने. दाबा!”

काकांनी डोळे मिटल्यासारखं केलं आणि दाबलं. गाडी उसळली. सेवक मागे आपटला. सिग्नल दिसला की काका वेग वाढवत आणि शेवटच्या क्षणी कचकन ब्रेक मारत. बायकोने एसीची गार हवा तोंडावर घेतली आणि सुखाने मान मागे टेकवली. “पाच वर्षांत पहिल्यांदा या गाडीत बरं वाटतंय,” ती म्हणाली.

मैदानात परत आले तेव्हा पडद्यावर आकडा होता तेरा पूर्णांक नऊ. कोणीतरी शिट्टी वाजवली.

“संयम मोडला!” बाबा गरजले. “यांनी सातही संयम मोडले!”

“मोडले,” काका म्हणाले. “आता पाळतो. पण चकती काढून.”

त्यांनी नखाने चकती उचकटून बाबांच्या हातात ठेवली, डिकी रिकामी केली आणि पुन्हा निघाले. या वेळी अर्धा तास लागला. लोक जागचे हलले नाहीत. आकडा छत्तीस पूर्णांक तीन. “इंजिन आता गरम होतं,” काकांनी स्वतःहूनच सांगितलं, “त्यामुळे यातले दोन-तीन सोडून द्या. तरी तेहतीस उरतात.”

मेहुण्याने माइक हातात घेतला. “मी इथूनच चकती घेतली होती. माझा एकच प्रश्न आहे. संयम पाळला की चकतीशिवाय छत्तीस. नाही पाळला की चकतीसकट चौदा. तर बाबा, चकती नक्की काय करते?”

“ती... ती संयमाची प्रेरणा देते,” बाबा म्हणाले.

“प्रेरणा कागदावर लिहिली होती, आणि तो कागद माझ्या भाऊजींचा आहे!”

लोक हसले. पुढच्या रांगेतली एक टॅक्सीवाली बाई उठून उभी राहिली. “आणि ती पांढरी गाडी? इंजिनाशिवाय चालते ती?”

“तीही माझ्यासारखीच हायब्रिड आहे,” काका म्हणाले. “तिच्यात विजेची मोटर असते. व्यासपीठामागे इंजिन चालू ठेवून बॅटरी भरायची, मीटर शून्यावर आणायचा, आणि मग मैदानात हळू एक फेरी मारायची. पेट्रोल लागतच नाही, म्हणून नव्याण्णव. मेहुण्याची गाडी पेट्रोल संपल्यावर चालली, तीही अशीच. तुम्हीच चालवून बघा, एक नाही, पाच फेऱ्या मारा.”

किल्ली गाडीतच होती. टॅक्सीवाली बसली. एक फेरी, दोन फेऱ्या, सगळं चिडीचूप. तिसऱ्या फेरीला वळणावर बॉनेटखालून घुर्र आवाज झाला, इंजिन आपोआप सुरू झालं आणि पडद्यावरचं नव्याण्णव धडाधड खाली घसरायला लागलं. सत्तर. चोपन्न. एकतीस. मैदान हास्याने दणाणून गेलं. हसू ओसरल्यावर लोकांनी व्यासपीठाकडे बघितलं, तर तिथे नुसता माइक पडला होता.

लोक काकांभोवती गोळा झाले. एक जाडजूड गृहस्थ, पाव-बिस्किटांची गाडी चालवणारे, चकती हातात धरून पुढे आले. ते रागावलेले नव्हते, गोंधळलेले होते.

“साहेब, तुमचं पटलं. पण माझं ॲव्हरेज हिच्यामुळेच पाचने वाढलं. हिच्याकडे बघितलं की पाय आपोआप हलका पडतो. असू दिली, तर बिघडलं कुठे?”

प्रश्न रास्त होता.

“बिघडतं ते असं,” ते म्हणाले. “पाय तुमचा, डोळे तुमचे, मेहनत तुमची, आणि शाबासकी हिला. एकदा हिला शाबासकी दिली की उद्या दिवा लागला, ब्रेक कुरकुरला, छातीत दुखलं, तरी तुम्ही हिच्याकडेच बघाल. माझ्या सासूबाई भर दुपारी पुलावर बसल्या त्या अशाच. मीही शहाणा नाही. मी आकड्याच्या नादात बायकोला पाच वर्षं शिजवलं. म्हणून सांगतो, कोणाचंही ऐका, माझंसुद्धा, पण तपासून घ्या. हे काढलं तर काय होतं, ते एकदा काढून बघा. जो माणूस काढून बघू देत नाही, त्याच्याकडून काही घेऊ नका. एवढं जरी केलंत तरी पुरे.”

गृहस्थांनी चकती उलटी करून बघितली, सुलटी करून बघितली. मागे डिंकाचा डाग होता.

“मग आता हिचं करू काय? नदीत सोडू? पुरून टाकू?”

“काही करू नका,” काका म्हणाले. “पत्रा आहे.”